हेडसेटवाला माणूस काढ रे बाबा आधी

मित्राने त्याच्या व्हीआर पझल गेमचं कव्हर पाठवलं आणि म्हणाला खरं खरं सांग, तर घे. रंग भारी आहेत, जांभळा अंधार आणि मधोमध पिवळा दिवा, पण समोर हेडसेट घातलेला माणूस कशाला?? व्हीआर आहे हे स्टोअर पेजवर लिहिलेलं असतंच की, आणि त्या माणसामुळे खरी मजा, म्हणजे हातात धरायची ती फिरती पेटी, मागे कोपऱ्यात गेलीये.

'अ फिशरमन्स टेल' (2019) हा व्हीआर गेम आठव. दीपगृहात दीपगृहाचं मॉडेल, त्याचं छप्पर उचललं की आत छोटे आपणच आणि वर बघितलं तर महाकाय आपणच. एका वाक्यात डोक्यात बसतं ना? तुझ्या पेटीतही तसलं काहीतरी आहे यार, तेच पुढे आण.

दुसरं म्हणजे नाव. स्टीम या गेम स्टोअरच्या छोट्या कॅप्सूलची, म्हणजे लिस्टमधल्या बारक्या कव्हर-चित्राची, रुंदी आधी फक्त 231 पिक्सेल होती, आता दुप्पट मागतात पण लिस्टमध्ये दिसतं इवलंसंच, मी मोबाईलवर बारीक करून बघितलं तर तुझा तो नाजूक फॉन्ट म्हणजे मुंग्यांची रांग वाटली. आणि ते 'बेस्ट इंडी' वालं स्टिकर काढच, 2022 पासून स्टीम कॅप्सूलवर अवॉर्ड, रिव्ह्यू स्कोअर काही चालत नाही, फक्त आर्ट, नाव आणि असेल तर सबटायटल.

दिव्याचा उजेड मात्र अजिबात बदलू नको, तो बघूनच मला आत हात घालावासा वाटला. पाचपैकी तीन, माणूस गेला की चार.