स्क्रिव्हनर: कादंबरी कार्डांवर मांडल्यावर काय दिसलं

माझ्या कादंबरीचा दुसरा खर्डा वर्डच्या एकाच फाइलमध्ये होता, ७१ प्रसंगांचा. वाचलेल्या तिघांनीही ‘मधे रेंगाळते’ असं सांगितलं, पण नेमकी कुठे ते मला सापडेना. म्हणून स्क्रिव्हनर हे लांब लिखाणासाठीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. चाचणी ३० दिवसांची असते आणि मोजतात ते वापराचे दिवस. ज्या दिवशी उघडलं नाही तो दिवस धरत नाहीत, त्यामुळे मला ती दोन महिने पुरली.

पहिले चार दिवस फाइल फोडण्यात गेले. एकेक प्रसंग सुटा करून डावीकडच्या बाइंडरमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या यादीत, लावला आणि पडद्यावरच्या त्याच्या कार्डावर एकच ओळ लिहिली: या प्रसंगामुळे काय बदललं? काय घडलं, ते नव्हे. नऊ कार्डं कोरी राहिली. रेंगाळत होती ती इथेच! मग प्रसंग ज्याच्या नजरेतून येतो त्याप्रमाणे कार्डांना रंग दिले. धाकट्या बहिणीचा पिवळा रंग सोळाव्या कार्डानंतर दिसला तो थेट अडतिसाव्यावर. इतका वेळ वाचकाने तिला लक्षात तरी का ठेवावं? तिचे दोन प्रसंग अलीकडे आणले. कार्ड माऊसने उचलून हवं तिथे ठेवता येतं, पण सांधे आपणच जुळवायचे असतात. त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे, हे मला दोन्हीकडे पुन्हा तपासावं लागलं.

सगळ्यात मोलाचा वाटला तो स्नॅपशॉट. कापाकापीआधी प्रसंगाची आहे तशी प्रत त्यात राहते. त्या नऊ प्रसंगांना हात लावायचा मला वर्षभर धीर होत नव्हता. प्रती ठेवल्या आणि एका दुपारी सात काढून टाकले. एकही परत आणावासा वाटला नाही.

शेवटी ‘कम्पाइल’ने सगळे तुकडे जोडून वर्ड, पीडीएफ किंवा ईपब फाइल काढता येते. कोणा प्रकाशकाला पहिली तीनच प्रकरणं हवी असतात, कोणाला पूर्ण हस्तलिखित. दोन्ही एकाच प्रकल्पातून निघतं. हे शिकायला सवड काढा, पाठवायच्या आदल्या रात्री पहिल्यांदा उघडू नका. संपादकाच्या दुरुस्त्यांसाठी मात्र मी वर्डच वापरते, कारण ट्रॅक चेंजेससारखी, प्रत्येक बदल दाखवून तो स्वीकारू किंवा नाकारू देणारी सोय इथे नाही. अँड्रॉइडवरही हे चालत नाही.

लघुकथा लिहिणाऱ्यांना याची गरज नाही. तिसरा खर्डा ६४ कार्डांचा झालाय, आणि पिवळा रंग आता दर पाच-सहा कार्डांनी दिसतो.