थर्ड पार्टी की फुल पॅकेज: नवी दहा चाकी घेणाऱ्यासाठी

माझा साळा नागपूरजवळच्या वाडीत पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवून आता स्वतःचा दहा चाकी ट्रक घेऊन राहिला, अन् रोज एकच विचारतो, भाऊजी, विमा थर्ड पार्टीवर भागवू का फुल काढू. थर्ड पार्टी म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा, फुल म्हणजे त्यात आपल्या गाडीचाही. त्याला जे सांगितलं तेच लिहितो.

थर्ड पार्टी तर सोडताच येत नाही, विना इन्शुरन्स सापडला तर पहिल्याच वेळी २,००० दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अन् तिचा दर ठरलेला असते, २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनाच्या मालगाडीला वर्षाचे ४३,९५० रुपये, जीएसटी वेगळा, मग गाडी नवी असो का खटारा. म्हणजे मोठा खर्च तुमचा आधीच झाला. फुलमध्ये वर लागतो तो फक्त ओडीचा (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) भाग, तो आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) अन् गाडीच्या वयावर असते, त्यात कंपन्या डिस्काउंटही देतात, म्हणून दोन-तीन ठिकाणची कोटेशन घेतल्याशिवाय "फुल परवडत नाही" म्हणू नका.

थर्ड पार्टीत समोरचा माणूस मेला किंवा जखमी झाला तर भरपाईला मर्यादा नाही, त्याच्या गाडी-भिंतीला साडेसात लाखांपर्यंत. आपली गाडी पलटली, जळली, चोरीला गेली तर एक रुपया नाही. मे महिन्यात समृद्धीवर तापलेला टायर फुटला की काय होते ते ड्रायव्हर लोकांना सांगायची गरज नाही.

पण फुल म्हणजे सगळं, हेही खोटं. माझी गाडी अमरावती रोडवर एका बाजूने घासली, पॉलिसी फुल होती, तरी मडगार्ड, हेडलाइट, पेंट सगळं सर्व्हेअरने (नुकसान मोजायला येणाऱ्यानं) क्लेममधून कापलं, कारण आयएमटी २३ हे जादा पैसे भरून मिळणारं कव्हर घेतलंच नव्हतं अन् एजंटनं ते कधी सांगितलंही नव्हतं. मालगाडीत किरकोळ नुकसानीला हे पार्ट त्याशिवाय मिळत नाहीत. पॉलिसीवर "आयएमटी २३" छापलेलं स्वतः पहा, तोंडी भरवसा ठेवू नका.

आतला माल दोन्हीत नाही. कळमन्यातून संत्रा भरा का बुटीबोरीतून लोखंड, त्याचा विमा वेगळा, म्हणून तो मालवाल्यानं काढला का ते भरायच्या आधीच विचारा. स्वतः चालवणार असाल तर मालक-ड्रायव्हरचं १५ लाखांचं अपघात कव्हर घ्या, हे थर्ड पार्टीसोबतही मिळते. अन् परमिट संपलेलं असलं तर थर्ड पार्टीचे पैसे कंपनी देते पण नंतर मालकाकडूनच वसूल करू शकते, ही गोष्ट दोन्ही पॉलिसीत सारखीच.

कोणी म्हणेल फुलचा प्रीमियम खर्चात दाखवून टॅक्स वाचव, तर दहापर्यंत गाड्यांवाल्यांची जी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, म्हणजे खऱ्या हिशोबाऐवजी जड गाडीला महिन्याला टनामागे १,००० रुपये उत्पन्न धरायचं, ती घेतली तर खर्च वेगळा दाखवताच येत नाही.

साळ्याची गाडी हप्त्यावर आहे, त्याला मी फुल प्लस आयएमटी २३ च सांगितलं, फायनान्सवालाही तेच मागते, अन् गाडी गेली तरी हप्ता थांबत नाही. आयडीव्ही कमी करून प्रीमियम वाचवू नको असंही बजावलं. माझी जुनी गाडी मात्र कर्जमुक्त आहे, हिंगणा-बुटीबोरीच्या पलीकडे जात नाही, तिला थर्ड पार्टीच ठेवली अन् ओडीचे जे वाचले ते दर महिन्याला आरडीत टाकतो, इंजिनचं काम निघालं तर त्यातूनच करणार.