व्हिटॅमिन सी सीरम: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

कोथरूड ते हडपसर रोज स्कूटर. स्कार्फ कितीही घट्ट बांधला तरी कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग रापतो तो रापतोच, शिवाय हनुवटीवर जुन्या मुरुमांचे तपकिरी डाग. म्हणून डिसेंबरात १५ टक्के एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम सुरू केलं. त्यात व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिडही आहे. फेरुलिकमुळे सी आणि ई टिकून राहतात आणि त्यांच्यामुळे मिळणारं उन्हापासूनचं संरक्षण दुप्पट होतं, असं २००५ मध्ये डुकराच्या त्वचेवरच्या प्रयोगात दिसलं होतं. तरी ते सनस्क्रीनच्या जागी नाही, सनस्क्रीनच्या खाली लावायचं.

चेहऱ्यावर तजेला लवकर आला. डागांनी मात्र अंत पाहिला. होळीच्या सुमारास ते फिके वाटायला लागले, आता कन्सीलर लागत नाही. सासूबाईंनी विचारलं, "अगं, गोरं व्हायचं औषध का हे?" नाही हो आई! त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला ते आवर घालतं, मूळ वर्ण आहे तोच राहतो. ताईच्या गालावरच्या वांगावर तर यानं काहीच फरक पडला नाही, तिला त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं औषध दिलं. त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन तयार व्हायलाही सी लागतं हे खरं, पण सुरकुत्यांबद्दल मला अजून काही सांगता येणार नाही.

लावल्यावर मिनिटभर चुरचुरतं. पीएच साडेतीनच्या खाली असल्याशिवाय हे अ‍ॅसिड त्वचेत नीट शिरतच नाही, त्यामुळे ते चालायचंच. थ्रेडिंग केलेल्या दिवशी मात्र मी सुट्टी घेते. २० टक्क्यांच्या वरचं घेण्यात अर्थ नाही, शोषण वाढत नाही, जळजळ तेवढी वाढते. आणि कृपा करून लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि नवे काळे डाग पडतात.

खरी डोकेदुखी बाटलीची. उजेड, उष्णता आणि हवा, तिन्हींनी हे सीरम खराब होतं. ताईनं तिची बाटली खिडकीपाशी ठेवली आणि पुण्याच्या एप्रिलात सीरमचा कोरा चहा झाला! तसं झालं की सरळ फेकायचं. मे महिन्यात ऑनलाइन मागवलेली माझी एक बाटली तर घरी आली तीच गडद पिवळी, परत पाठवायला चार फोन करावे लागले. आता मेडिकलमधून उत्पादनाची तारीख बघून लहान, गडद काचेची बाटली आणते आणि फ्रिजच्या दारात ठेवते. आठशे-हजार रुपये घालून मोठी बाटली घेणं मला तरी परवडत नाही, अर्धी वायाच जाते.

पावसाळ्यात जरा चिकट वाटतं. कपड्यांवर याचे नारिंगी डागही पडतात, माझा पांढरा स्कार्फ त्यातच गेला. त्यामुळे सीरम आणि त्यावरचं सनस्क्रीन पूर्ण वाळल्याशिवाय स्कार्फ बांधत नाही. त्यात दहाएक मिनिटं जातात, पण मगरपट्ट्याच्या ट्रॅफिकपुढे ती किस झाड की पत्ती.