धरमपेठेतील ब्रिटिश कादंबऱ्यांचे कपाट: संग्रह उत्तम, वर्गवारी चुकीची

समकालीन इंग्रजी कादंबरी नेमाने वाचणाऱ्या नागपूरकराला पुस्तक हाताळून, चार पाने वाचून विकत घेण्याची सोय फारशी मिळत नाही. त्यामुळे धरमपेठेतील एका जुन्या दुकानाने ब्रिटिश कादंबऱ्यांसाठी स्वतंत्र कपाट केले, याचे मनापासून स्वागत करायला हवे. हिलरी मॅन्टेल यांच्या, आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्यावरील तिन्ही कादंबऱ्या तेथे एकत्र मिळतात. ग्लासगोच्या श्रमिक जीवनातून आलेल्या, १९९४ आणि २०२० साली बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या जेम्स केलमन आणि डग्लस स्टुअर्ट यांच्या कादंबऱ्या शेजारी शेजारी लावल्या आहेत. ही जोडी जाणत्या वाचकालाच सुचावी.

माझा आक्षेप वर्गवारीला आहे. या कपाटात काझुओ इशिगुरो नाहीत. ते ‘जपानी साहित्य’ अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर आहेत. अब्दुलरझाक गुर्ना आणि बर्नार्डिन एव्हरिस्टो यांची रवानगी ‘आफ्रिकन’ फळीवर झाली आहे. एव्हरिस्टो यांचा तर जन्मच लंडनचा. गुर्ना तरुणपणी झांझिबार सोडून इंग्लंडला आले आणि पुढे अनेक वर्षे केंट विद्यापीठात साहित्य शिकवत राहिले. इशिगुरो पाच वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब नागासाकीहून इंग्लंडला आले. त्यांची १९८९ ची बुकर-विजेती कादंबरी ‘द रिमेन्स ऑफ द डे’ उघडून पाहावी. एका उमरावाच्या वाड्यावर आयुष्य घालवलेला बटलर १९५६ च्या उन्हाळ्यात मोटारीने प्रवासाला निघतो, सॉल्झबरीजवळ दूरवर पसरलेली शेते आणि टेकड्या पाहतो आणि या भूमीचे मोठेपण तिच्या संयमात, दिखाऊपणाच्या अभावात आहे, असे स्वतःला समजावू लागतो. इंग्रजीपणाची इतकी बारीक आणि इतकी निर्दय तपासणी करणारी कादंबरी ब्रिटिश कपाटात नसेल, तर त्या कपाटाला अर्थ काय उरतो?

दुकानाच्या मालकांशी याविषयी बोललो. ग्राहक लेखकाचे नाव पाहून देश ठरवतात आणि त्या फळीकडे वळतात, असे त्यांनी सौजन्याने सांगितले. त्यांची अडचण समजते, पण राष्ट्रीय साहित्यपरंपरा जन्मदाखल्यावर उभी असते, हा समज खुद्द इंग्लंडच्या इतिहासात टिकत नाही. समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ साली इंग्रजी कादंबरीची ‘महान परंपरा’ सांगितली, तेव्हा जेन ऑस्टिन आणि जॉर्ज एलियट यांच्या पंक्तीला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले हेन्री जेम्स आणि पोलिश कुटुंबातले जोसेफ कॉनरॅड बसवले. इतकी काटेकोर, अनेकांना संकुचित वाटलेली यादीसुद्धा बाहेरून आलेल्यांवाचून पूर्ण झाली नाही.

विदर्भातील वाचकाला हे नवे वाटू नये. मराठी गद्याचा आरंभ आपण ज्या ‘लीळाचरित्रा’पासून मानतो, त्याची रचना म्हाइंभटांनी इथे रिद्धपूरला केली, आणि त्याचे नायक चक्रधरस्वामी परंपरेनुसार गुजरातेतील भरूचचे होते. त्यांना मराठी परंपरेबाहेर ठेवण्याचा विचारही आपल्या मनात येत नाही, कारण परंपरा ठरते ती लेखन कोणत्या भाषेशी आणि कोणत्या समाजाशी झुंजते यावरून. हीच कसोटी इशिगुरोंना का लावू नये?

बाकी सेवा चोख आहे. छापील किमतीवर दहा टक्के सूट मिळते, मागवलेले पुस्तक आले की फोन येतो, आणि बसून चाळायला खिडकीजवळ दोन खुर्च्या आहेत. नव्या प्रती मात्र प्लॅस्टिकमध्ये बंद असतात. विनंती केल्यास एक प्रत उघडून देतात, तशी ती न मागताच उघडी ठेवावी. फळ्यांची फेररचना करण्याचा विचार करू, असे मालकांनी सांगितले आहे. ती होईपर्यंत ब्रिटिश कादंबरीच्या शोधात जाणाऱ्यांनी शेजारच्या दोन्ही फळ्याही नीट पाहाव्यात.