फायबरवरची लँडलाइन: आवाज उत्तम, वीज गेली की मुकी

दवाखाना, सोसायटीचं ऑफिस, चार-पाच टेबलांचं सीएचं कार्यालय, अशा जागी फोन आणि इंटरनेट एकाच फायबरवर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बीएसएनएल, एअरटेल, जिओ तिघंही ही सोय देतात. ओल्या जॉइंटमुळे तांब्याच्या लाइनवर येणारी खरखर इथे नसते, कारण आवाज ओएनटीतच, म्हणजे तुमच्या जागेत बसवलेल्या फायबरच्या पेटीतच, डिजिटल होऊन बाहेर पडतो. जुना फोनसुद्धा चालतो. त्याची पिन ओएनटीच्या फोन पोर्टमध्ये लावायची, बस.

कॉलमुळे नेट मंदावेल ही भीती नको. जी.७११ या कोडेकवर (आवाज डिजिटल करायची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ९० केबीपीएस लागतात. उलटं मात्र होऊ शकतं: आवाजाच्या पॅकेटना प्राधान्य लावलेलं नसेल, तर अपलोड भरलं की समोरच्याला तुमचं बोलणं तुटक ऐकू येतं. म्हणून इंजिनिअर समोर असतानाच मोठी फाइल अपलोडला लावा आणि लँडलाइनवरून मोबाइलला दोन मिनिटं बोलून बघा.

त्याच वेळी फायबरमधला प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरचं रीडिंगही मागा. जीपॉन या फायबर जाळ्याच्या बी-प्लस वर्गातल्या ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप) प्रकाश पुरतो, पण रीडिंग उणे २५ च्या खाली, म्हणजे उणे २६ वगैरे, असेल तर जोडणी पुन्हा करून घ्या. दाराच्या चौकटीत दाबलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली केबल हे नेहमीचं कारण. दुसरं म्हणजे हिरव्या एपीसी कनेक्टरला जोडलेला निळा यूपीसी. दोन्ही आत जातात, पण टोकांचा कोन वेगळा असल्याने प्रकाश वाया जातो.

खरी उणीव विजेची. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळत, त्यामुळे लाइट गेले तरी फोन वाजायचा. ओएनटी बंद म्हणजे फोन बंद. नुसत्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. तो बॅटरीवर जाताना ओएनटी रीस्टार्ट होऊ शकते आणि कंपनीच्या सर्व्हरवर पुन्हा नोंदणी होईपर्यंत फोन गप्प राहतो. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवरचे अँपिअर वाचा आणि तेवढ्या क्षमतेचा डीसी मिनी यूपीएस अडॅप्टर आणि ओएनटीच्या मध्ये जोडा. राउटर वेगळा असेल तर त्यालाही. हा खर्च आमच्या दृष्टीने कनेक्शनचाच भाग आहे.

घरातल्या जुन्या वायरिंगवर फोन फिरवायचा असेल तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी डीपीतून (टेलिफोनच्या तारा जोडायच्या डबीतून) पूर्ण सोडवा. तिच्यावरचा व्होल्टेज पोर्टमध्ये शिरला तर पोर्ट जळू शकतं. चार-पाच फोन समांतर जोडले तर घंटी क्षीण वाजते, दोनवर थांबा.

ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं एक्स्टेन्शनचं छोटं एक्स्चेंज, असेल तिथे जास्त जपून. समोरच्याने फोन ठेवल्याचा इशारा ओएनटी कशी देते, पोलॅरिटी रिव्हर्सलने (लाइनचे प्लस-मायनस उलटे करून) की नुसत्या बिझी टोनने, ते विचारा. ईपीएबीएक्सला तो कळला नाही तर ट्रंक, म्हणजे बाहेरची लाइन, अडकून पडते आणि पुढच्या कॉलरला एंगेज लागतं. कॉलर आयडी पाठवण्याची पद्धतही, डीटीएमएफ की एफएसके, ओएनटी आणि ईपीएबीएक्स दोन्हीकडे एकच ठेवा.

फॅक्स, लिफ्टमधला आपत्कालीन फोन आणि डायल करणारा अलार्म यांच्यासाठी मात्र ही लाइन घेऊ नका. फॅक्स टाळता येत नसेल तर टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालू आहे याची खात्री करा आणि मशीनचा वेग ९६०० बिट प्रति सेकंदावर आणा.