भाड्याच्या घरातला सब-मीटर: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सब-मीटर म्हणजे बिलाच्या मीटरच्या पुढे, फक्त आपल्या घरातला वापर मोजायला बसवलेला स्वतःचा मीटर. माझा साधा आहे: सिंगल फेज, डिजिटल, क्लास १ अचूकतेचा (म्हणजे चूक एक टक्क्याच्या आसपास), डीबीतल्या (घरातल्या स्विचपेटीतल्या) पट्टीवर एमसीबीच्या (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) शेजारी बसणारा. वायफाय नाही, अ‍ॅप नाही. घेण्याचं कारण एकच. खालच्या मीटर बोर्डावर आमच्या फ्लॅटचा जो मीटर आहे, त्याचं बिल आणि आमचा वापर यांचा मेळ बसत नव्हता. घरात माणसं मोजकी, एसी नाही, तरी युनिट फुगलेले. भाडेकरूने असं काही विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "तुमचाच वापर जास्त असेल." हे उत्तर ऐकून ऐकून वैतागले आणि स्वतःच्या पैशाने मीटर बसवून घेतला.

पहिल्या दोन बिलांनंतर या मीटरबद्दल माझं मत वाईट होतं. खालचा मीटर महिन्याला जेवढे युनिट दाखवायचा, त्यापेक्षा हा पन्नासच्या आसपास कमी दाखवायचा. घरमालक काका म्हणाले, "स्वस्तातला आहे, बारीकसारीक वापर त्याला पकडता येत नाही." विक्रेत्याकडे तक्रार केली, तर डिस्प्ले येतोय म्हणजे मीटर चांगला आहे, परत घेता येणार नाही, असं उत्तर आलं. वीज कार्यालयात रीतसर अर्ज केला. त्यांचा माणूस आला, खालच्या मीटरला यंत्र लावलं, ठरावीक लोड देऊन पाहिलं आणि मीटर बरोबर असल्याचा कागद देऊन गेला. सगळ्यांच्या लेखी सगळं ठीक होतं आणि पन्नास युनिटांचे पैसे मात्र आम्ही भरत होतो.

काकांचा "बारीकसारीक वापर" हा मुद्दा मी आकडे मांडून तपासला. महिन्याला ५० युनिट म्हणजे दिवसरात्र सलग सुमारे ७० वॅट. क्लास १ च्या, ५ अँपिअर मूळ करंटच्या मीटरने २० मिलिअँपिअरपासून, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेचार वॅटपासून मोजायला सुरुवात करायची असते. मोबाईलचा रिकामा चार्जर त्यातून निसटेल, पण सलग सत्तर वॅट निसटणार नाहीत.

आता त्या लाल दिव्याबद्दल. या मीटरवर मूगाच्या दाण्याएवढा एक एलईडी आहे आणि माझ्यासाठी अख्ख्या मीटरची किंमत त्या दिव्यात आहे. दर्शनी भागावर '३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' असं छापलेलं असतं. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख वॅट-सेकंद, आणि ३६ लाखांना ३२०० ने भागलं की ११२५ येतात. म्हणून दोन लुकलुकींमध्ये जितके सेकंद जातात, तितक्यांनी ११२५ ला भागायचं, की त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते कळतं. दहा सेकंदांनी लुकलुकला तर ११२ वॅट, पाऊण सेकंदाने लुकलुकला तर १५०० वॅट. लोड जास्त असेल तर वीस-तीस लुकलुकी मोजून सरासरी घ्यावी, म्हणजे बोटाच्या चपळाईवर काही अवलंबून राहत नाही. डिस्प्लेवरचा वॅटचा आकडा वरखाली होत राहतो, पण युनिट या लुकलुकींच्या हिशेबानेच वाढतात. असाच दिवा खालच्या मीटरवरही असतो आणि त्याला कोणी कुलूप लावलेलं नसतं! भाडेकरूला मीटर उघडता येत नाही, वायरिंगला हात लावता येत नाही. पण दिवा मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक भाडेकरूने हे शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

एक काळजी घ्यायची. दोन्ही मीटरांचा इम्पल्सचा आकडा वेगळा असू शकतो. आमचा खालचा मीटर १६०० चा आहे, म्हणजे तिथे ११२५ च्या जागी २२५० धरायचे. हे न पाहता नुसता वेग ताडून पाहिला तर वरचा मीटर दुप्पट पळतोय असं वाटेल.

मग किटलीची चाचणी केली. घरातलं बाकी सगळं बंद, फक्त १५०० वॅटची किटली चालू, वर मी आणि खाली माझी बहीण, दोघींच्या फोनवर एकाच वेळी दिव्याचं चित्रीकरण. दोन्ही मीटर जुळले. दोघांनीही सुमारे १२५० वॅट दाखवले आणि तेही बरोबरच होतं. किटलीवरचे १५०० वॅट २३० व्होल्टला असतात आणि तेव्हा व्होल्टेज २१० होतं. तापवणाऱ्या उपकरणाचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. एवढ्यावरच माझं मत पालटलं. माझा मीटर कमी दाखवत नव्हता आणि खालचा जास्त दाखवत नव्हता. म्हणजे फरक पाडणारी गोष्ट आम्ही मोजत नसताना घडत होती.

ती बहिणीने पकडली. एकदा सकाळी ती खालून म्हणाली, "अगं, या मीटरवर 'अर्थ' लिहिलेला दुसरा दिवा पण लागलाय." मी घरातला मेन एमसीबी पाडला. माझ्या मीटरचा डिस्प्ले विझला. खालचा मीटर मात्र चार-चार सेकंदांनी लुकलुकतच होता. २२५० ला चाराने भागा, सुमारे ५६० वॅट. घर पूर्ण बंद, आणि आमच्या मीटरवर ५६० वॅट! तेवढ्यात पाण्याची टाकी भरली, कोणीतरी मोटर बंद केली आणि दोन्ही दिवे एकदम थांबले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खर्चाने वायरमन आणला. मोटर चालू असताना त्याने खालच्या मीटरमधून आमच्याकडे येणाऱ्या वायरींना क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारं यंत्र) लावला. फेजच्या (करंट आणणाऱ्या) वायरवर काही नाही, न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरवर) तीन अँपिअरहून थोडं जास्त. "ताई, तुमच्या न्यूट्रलवर दुसऱ्याचं लोड येतंय," तो म्हणाला. जिन्यातला जंक्शन बॉक्स उघडल्यावर उलगडा झाला. मोटरचा फेज सामाईक मीटरवरून घेतला होता, पण न्यूट्रल तिथपर्यंत ओढण्याचा कंटाळा करून जवळून जाणाऱ्या आमच्या न्यूट्रलला पिळा मारून दिला होता. हा जोड माझ्या सब-मीटरच्या अलीकडे, खालच्या बाजूला, त्यामुळे मोटरचा करंट माझ्या मीटरपर्यंत पोहोचतच नव्हता.

याने बिल का वाढतं? नुसता फेजचा करंट मोजणाऱ्या मीटरवर काहीच वाढलं नसतं. पण वीजचोरी पकडण्यासाठी बनवलेले काही मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींवरचा करंट मोजतात. दोन्ही सारखे नसले तर जो जास्त असेल तो हिशेबात धरतात आणि 'अर्थ'चा दिवा लावतात. कोणी न्यूट्रल बाहेरच्या बाहेर जमिनीत सोडून फसवू नये, यासाठी ही सोय आहे. आमच्याकडे तीच सोय भाडेकरूवर उलटली. मोटरचा फेज सामाईक मीटरमधून जातो, म्हणून तिथे तिचे युनिट लागतात. तोच करंट आमच्या न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून आमच्याकडेही लागतात. एकाच विजेचे दोन बिलांत पैसे. आणि तपासणीला आलेल्या माणसाने ठरावीक लोड दिला तेव्हा मोटर बंद होती, फेज आणि न्यूट्रल सारखे होते, म्हणून मीटर 'बरोबर' निघाला. मीटर खरोखरच बरोबर आहे. त्याच्या पुढची वायरिंग चुकीची आहे आणि त्या कागदावर वायरिंगसाठी रकानाच नव्हता.

मला पैशांपेक्षा जास्त राग पुढच्या गोष्टीचा आला. मीटर बोर्डावर आमच्या जागी आरसीसीबीचा (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा स्विचचा) रिकामा खण होता. काकांना विचारलं तर म्हणाले, "आधी होती, पण सारखी ट्रिप व्हायची, म्हणून काढून टाकली." होणारच! आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधला फरक बघते. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरच्या फरकावर पडायचं असतं आणि इथे फरक तीन अँपिअरचा, म्हणजे शंभर पट. ती दर वेळी मोटर लागली की पडत होती आणि दर वेळी खरं सांगत होती. जीव वाचवणारी वस्तू तक्रार करते म्हणून काढून टाकली आणि त्यानंतर राहायला आलेल्या कोणालाही ते सांगितलं नाही.

यातला धोकाही समजून घ्या. खालचा दोन पोलचा मेन स्विच बंद केला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. मग आपल्या फ्लॅटकडे जाणारी वायर मेली असं धरून माणूस काम करायला घेतो. पण मोटरचा स्विच चालू असेल तर मोटरच्या वाइंडिंगमधून व्होल्टेज त्या तुटलेल्या न्यूट्रलवर येऊन थांबलेलं असतं. न्यूट्रलच्या काळ्या वायरला हात लावला की पूर्ण दाबाचा झटका. वायरमनने टेस्टर लावून दाखवलं, काळ्या वायरवर टेस्टर पेटला. जिन्याच्या दोन स्विचच्या दिव्यांमध्येही हीच गडबड होऊ शकते, खालच्या मजल्याचा फेज आणि वरच्या मजल्याचा न्यूट्रल. तेव्हा न्यूट्रलला विनाकारण निर्धोक समजू नका.

दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली: मोटरसाठी सामाईक मीटरपासून स्वतंत्र न्यूट्रल, आमचा जोड सोडवून इन्सुलेट, खाली नवी आरसीसीबी. ती आजवर एकदाही विनाकारण पडलेली नाही. 'अर्थ'चा दिवा पुन्हा लागला नाही आणि महिन्याअखेर दोन मीटरांतला फरक एक-दोन युनिटांवर आला आहे. दोघांची प्रत्येकी एक टक्क्याची सवलत धरली तर हे चालण्यासारखं आहे. खर्चावरून काकांशी बराच वाद झाला. मी रोजचं दोन्हीकडचं रीडिंग वहीत लिहिलेलं होतं, म्हणून सब-मीटर बसल्यापासूनच्या जादा युनिटांचे पैसे त्यांनी भाड्यातून वळते केले. त्याआधीच्या काळाचे दिले नाहीत. ते मला मान्य नाही आणि मी तसं लेखी कळवलं आहे.

आता मीटरच्या उणिवा. डिस्प्ले आपोआप पानं बदलतो: युनिट, व्होल्ट, अँपिअर, वॅट. एका पानावर थांबवायची सोय नाही, हवा तो आकडा यायची वाट पाहावी लागते. वीज गेली की डिस्प्ले कोरा होतो, रीडिंग मात्र जपलेलं राहतं. रीडिंग शून्य करायचं बटण नाही हे उत्तम, कारण तसं बटण असतं तर माझ्या वहीवर काकांनी विश्वास ठेवला नसता.

खरी तक्रार टर्मिनलच्या स्क्रूंची आहे. मधल्या एका महिन्यात गिझर चालू असताना डीबीच्या झाकणाला ऊब लागू लागली. बारीक तारांची वायर थेट स्क्रूखाली दाबली होती, ती दबून सैल झाली होती. सैल जोडात एक दशांश ओहम जरी रोध आला, तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. वायरमनने टोकाला पिन लग (तारा एकत्र धरणारं धातूचं टोपण) दाबून बसवला, स्क्रू पुन्हा आवळले, ऊब गेली. कंपनीने लग सोबत द्यायला हवे होते, निदान माहितीपत्रकात एक ओळ तरी लिहायला हवी होती. रेटिंगमधला एक स्टार फक्त यासाठी कापते आहे. घेणार असाल तर लग वेगळे मागून घ्या आणि महिन्याभराने मेन बंद करून वायरमनकडून स्क्रू पुन्हा आवळून घ्या.