यूकेतलं पासिंग: जुनी गाडी, एमओटी आणि कौन्सिलचा डेपो – काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही इंग्लंडमध्ये पहिली गाडी घेतली. होंडा जॅझ, पेट्रोल, दहा वर्षांपेक्षा जुनी. नवरा ट्रेननं जातो. मुलांची शाळा, माझी नोकरी आणि आठवड्याचा बाजार हे सगळं या गाडीवर. तेव्हापासून गाडीइतकाच संबंध एमओटीशी, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीशी, आला आहे. इथे नव्यानं येणारी मराठी मंडळी गाडीबद्दल पुष्कळ विचारतात, एमओटीबद्दल मात्र ‘आहे ना अजून सहा महिने?’ एवढंच. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे रिक्षा-टेम्पोवाल्यांना पासिंग म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. खासगी गाडीवाल्याचा मात्र आरटीओशी संबंध गाडी घेताना येतो, तो पुन्हा नोंदणीची १५ वर्षं संपल्यावर. मधल्या काळात पीयूसी काढली की झालं. यूकेत, उत्तर आयर्लंड सोडून, गाडीच्या पहिल्या नोंदणीला ३ वर्षं झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची. ही पद्धत १९६० साली सुरू झाली तेव्हा फक्त १० वर्षांवरच्या गाड्यांची तपासणी होई, आणि तीही ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढीच. पुढच्याच वर्षी ती ७ वर्षांवर आली आणि १९६७ मध्ये ३ वर्षांवर. मध्यंतरी, २०२३ साली, पहिली तपासणी चौथ्या वर्षी करावी का यावर सरकारनं लोकांची मतं मागवली होती. २०२४ च्या सुरुवातीला ३ वर्षंच कायम राहतील असं जाहीर झालं. मला ते योग्य वाटतं. तीन वर्षांत टायर पार गुळगुळीत होतात आणि भाड्यानं किंवा कंपनीकडून मिळालेली गाडी चालवणारे कितीतरी लोक बॉनेट एकदाही उघडून बघत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. एमओटीचं प्रमाणपत्र सांगतं ते एवढंच, की त्या दिवशी, त्या तासाभरात गाडी कायद्याच्या किमान पातळीवर उतरली. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स कसे आहेत हे त्यात बघतच नाहीत, आणि तपासनीस कुठलाही भाग सुटा करून बघत नाही. त्यामुळे ‘बारा महिन्यांची एमओटी’ असं जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी त्यावर गाडीची किंमत ठरवू नये. खरा ऐवज आहे तो गाडीच्या मागच्या सगळ्या तपासण्यांचा इतिहास. गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तो फुकट दिसतो. लॉगिन लागत नाही, मालकाची परवानगी लागत नाही. २००५ पासूनच्या तपासण्या त्यात आहेत: कधी पास, कधी नापास, कशामुळे, आणि त्या दिवशी गाडीवर किती मैल होते. उत्पादकानं सुरक्षेसाठी गाडी परत बोलावली असेल आणि ते काम राहिलं असेल तर तेही कळतं. तपासणी कुठल्या केंद्रात झाली हे पाहायला मात्र व्हीफाइव्हसी या नोंदणीपत्रावरचा क्रमांक लागतो, म्हणजे ते गाडी घेतल्यावर.

गाडी शोधत होतो त्या दिवसांत मी ही नोंद संध्याकाळी चहा घेता घेता वाचायची. एक गाडी फोटोत अगदी चकचकीत होती. तिच्या नोंदीत एका वर्षी ७८ हजार मैल आणि पुढच्या वर्षी ६१ हजार. कधीकधी आकडा टाइप करतानाच चुकलेला असतो, हे मान्य. पण विक्रेत्याकडे त्याचं साधं उत्तर नव्हतं, म्हणून तो विषय तिथेच संपवला. दुसऱ्या एका गाडीच्या खालच्या भागाला गंज असल्याची सूचना वर्षानुवर्षं तशीच लिहिलेली, मग एका वर्षी त्याच गंजामुळे नापास, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पास. काम कसं झालं असेल कोण जाणे. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. रत्नागिरी-मालवणच्या लोकांना खारं वारं पत्र्याचं काय करतं ते वेगळं सांगायला नको. इथे तेच मीठ खालून, चाकांच्या मागून उडतं. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा गंजून तुटतात, ब्रेकच्या पाइपांना गंज खातो. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. वर पॉलिश मारलेल्या गाडीत हे दिसत नाही, नोंदीत दिसतं.

आम्ही घेतली ती जॅझ या बाबतीत साधी-सरळ होती. दरवर्षी मैल सारखेच वाढत गेलेले, सूचना लिहिली की पुढच्या वर्षी ती गायब, म्हणजे आधीच्या मालकानं ते काम करून घेतलेलं. माणूस न भेटता त्याचा स्वभाव कळला असं मला वाटलं, आणि तो अंदाज आजवर खोटा ठरलेला नाही. जाता जाता: एमओटी गाडीबरोबर येते, रोड टॅक्स येत नाही. २०१४ पासून नव्या मालकानं गाडी घरी न्यायच्या आधी स्वतःचा टॅक्स भरायचा असतो, आणि चालू एमओटी नसेल तर टॅक्स भरताच येत नाही.

गाडी घेतल्यावर सर्व्हिसिंगसाठी एका गॅरेजमध्ये दिली. संध्याकाळी फोन आला की पुढच्या ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी भाग) आणि एक स्प्रिंग बदलावी लागेल, नाहीतर नोव्हेंबरात एमओटी होणार नाही. खर्च ८०० पौंडांच्या वर. फोनवरचा आवाज ठाम होता आणि नवीन देशात ठाम आवाजाला ‘हो’ म्हणून टाकायची इच्छा होते. मी लेखी मागितलं. आलेल्या कागदावर ‘झीज’ हा शब्द होता, मोजमाप एकही नव्हतं. आम्ही थांबायचं ठरवलं.

इथेच तपासणी कुठे करून घ्यायची हा प्रश्न आला. मोटारीच्या एमओटीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात, ही कायद्यानं ठरवलेली मर्यादा आहे. त्यापेक्षा कमी कितीही चालतं, म्हणून ठिकठिकाणी ३० पौंडांच्या पाट्या दिसतात. अनेक गॅरेजं प्रामाणिकपणे स्वस्तात करत असतील, पण जो दुरुस्तीवर पोट भरतो त्यालाच दोष शोधायला सांगणं मला पटेना. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, डेपो सुचवला. कौन्सिलकडे कचऱ्याच्या गाड्या, व्हॅन, शहरातल्या टॅक्सी तपासायला स्वतःचं केंद्र असतं आणि अशी बरीच केंद्रं सामान्य लोकांच्या गाड्याही घेतात. ती सहसा लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती करत नाहीत. गाडी नापास केली तर त्यांना फायदा नाही, पास केली तरी नाही. जाहिरात जवळपास नसतेच. आपल्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधावं लागतं किंवा फोन करावा लागतो. तोटेही सांगते. आमच्या डेपोत शनिवार-रविवारी तपासणी नाही, तारीख उशिरा मिळते, पैसे जवळपास पूर्ण लागतात, आणि जागा गावाबाहेर कचरा डेपोच्या शेजारी आहे. बसायला एक खुर्ची आणि एक काच. पण त्या काचेतून आपली गाडी तपासताना बघता येते. प्रत्येक केंद्रात अशी बघायची जागा असावी लागते, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण ही अधिकृत केंद्राची खूण, तेवढी बघून घ्यावी.

तारखेचा हिशोब नीट समजून घ्या, त्यात पैसे वाचतात. मुदत संपण्याआधी एक महिन्याला एक दिवस कमी इतक्या आत तपासणी केली तर पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. आमची मुदत २० नोव्हेंबरची, म्हणजे २१ ऑक्टोबरपासून पुढे कधीही केली तरी पुढची मुदत २० नोव्हेंबरच. त्याआधी केली तर तपासणीच्या दिवसापासून वर्ष मोजतात. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख घेतली.

आणि गाडी नापास झाली. मागच्या नंबरप्लेटचे दिवे बंद आणि चालकासमोरचा वायपर काच नीट पुसत नव्हता. ज्या डिस्क आणि स्प्रिंगसाठी ८०० पौंड मागितले होते, त्यांचं कागदावर नावही नव्हतं. बुशमध्ये थोडी झीज आणि पुढचे दोन टायर मर्यादेच्या जवळ, या दोन सूचना होत्या. तपासनिसानं मला बोलावून टायरमध्ये मापपट्टी घालून आकडा दाखवला. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, टायरच्या रुंदीचा मधला तीन चतुर्थांश भाग, पूर्ण घेरभर. तो म्हणाला, हिवाळा यायच्या आत बदला. विकायला त्याच्याकडे टायर नव्हते, म्हणून त्याचा शब्द मला खरा वाटला.

नापास कागदावरची भाषा पहिल्यांदा घाबरवते. मे २०१८ पासून दोषांचे प्रकार ठरलेले आहेत. ‘डेंजरस’ म्हणजे गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणायचीच नाही. ‘मेजर’ म्हणजे नापास. ‘मायनर’ असेल तर गाडी पास, पण काम लवकर करून घ्या. आणि ‘अॅडव्हायजरी’ म्हणजे सध्या चालेल, लक्ष ठेवा. गॅरेजवाल्यानं ‘हे करावंच लागेल’ म्हटलं की यातला कुठला शब्द कागदावर आहे ते आधी बघा. नियरसाइड म्हणजे फुटपाथकडची, इथे डावी बाजू. ऑफसाइड म्हणजे चालकाची. हे कळलं की तो कागद कोणालाही वाचता येतो.

जुनी मुदत अजून शिल्लक होती आणि ‘डेंजरस’ काही नव्हतं, त्यामुळे गाडी घरी आणता आली. मुदत संपल्यावर मात्र गाडी रस्त्यावर नुसती उभी करणंसुद्धा बेकायदा. आधी ठरवलेल्या तपासणीला किंवा दुरुस्तीला नेण्यापुरती सूट आहे. दंड १००० पौंडांपर्यंत, आणि धोकादायक अवस्थेतली गाडी चालवली तर २५०० पौंडांपर्यंत आणि लायसन्सवर ३ पॉइंट. मुदत संपली आहे हे पोलिसांच्या कॅमेऱ्यांना नंबरप्लेटवरून कळतं, कोणी कागद मागायची गरज नाही.

बल्ब आणि वायपर नवऱ्यानं त्याच संध्याकाळी सुट्या भागांच्या दुकानातून आणून बसवले. दिवे, वायपर, नंबरप्लेट, हॉर्न, आरसे, टायर अशा ठरावीक गोष्टींसाठी त्याच केंद्रात पुढच्या कामाच्या दिवसाअखेर परत गेलं तर फेरतपासणी फुकट होते. हेडलाइटचा झोत चुकला असेल तर ही सवलत नाही, हे लक्षात ठेवा. त्यानंतर, पण १० कामाच्या दिवसांच्या आत गेलं तर अर्ध्यापर्यंत फी लागते. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून मी तशीच डेपोत गेले, दहा मिनिटांत पासचा कागद हातात आला.

निकालच चुकीचा वाटला तर १४ कामाच्या दिवसांत अपील करता येतं. पण मग त्या भागाला हात लावायचा नाही, कारण सरकारी तपासनीस गाडी आहे त्या अवस्थेत बघतो.

मधल्या महिन्यांत काय झालं ते सांगते. डिसेंबरात पुढचे दोन्ही टायर बदलले, आणि जानेवारीतल्या सकाळी चढावर गाडी सरकायची ती थांबली. ब्रेक आणि स्प्रिंगनं संपूर्ण हिवाळा काही तक्रार केली नाही. बुशचा खडखडाट मार्चमध्ये स्पीडब्रेकरवर ऐकू यायला लागला, तेव्हा दुसऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये नेली. त्या मेकॅनिकनं गाडी वर उचलून मला खाली उभं केलं, बुश हलवून दाखवला आणि फक्त तेवढंच काम केलं. पहिल्या गॅरेजनं एका गोष्टीत खरं सांगितलं होतं हे मान्य करायला हवं. माझा राग आहे तो त्या एका खऱ्या दोषाबरोबर जोडून दिलेल्या दोन खोट्यांवर आणि ‘नाहीतर एमओटी होणार नाही’ या धाकावर. नवीन आलेल्या, भाषेत अडखळणाऱ्या, महिनाअखेरीला पौंड मोजणाऱ्या माणसाला असा फोन जातो तेव्हा तो पैसे देऊन टाकतो. आमच्या ओळखीत असे आहेत.

मुदतीची आठवण करून देणारी सरकारी सेवा फुकट आहे, मोबाइलवर किंवा ईमेलवर महिनाभर आधी निरोप येतो. ती लावून ठेवली आहे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात आता घरीच बघायचं: सगळे दिवे एकानं आतून लावायचे आणि दुसऱ्यानं बाहेरून बघायचे, काच धुवायचं पाणी भरायचं, डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेला नाही ना ते पाहायचं, कारण तो पेटलेला असेल तर नापास. चालकासमोरच्या काचेवर, स्टिअरिंगच्या सरळ रेषेतल्या २९ सेंटीमीटर पट्ट्यात, १० मिलिमीटरपेक्षा मोठा टवका चालत नाही. वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० मिलिमीटरपर्यंत चालतो. मोटरवेवर ट्रकमागून खडा उडाला तर दुरुस्ती लगेच करून घ्या.

बेलफास्टकडे राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उत्तर आयर्लंडमध्ये पहिली तपासणी चौथ्या वर्षी असते आणि ती सरकारी केंद्रातच होते, त्यामुळे गॅरेज निवडायचा प्रश्न तिथे येत नाही. त्यांच्या तपासण्या ऑनलाइन इतिहासात २०१७ पासूनच दिसतात. तिथली जुनी गाडी घेताना आधीच्या वर्षांचे कागद विक्रेत्याकडूनच मागून घ्या.